लिग्निनच्या रेणूचं वजन कसं मोजतात?



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीला माझ्या वर्गात होती, आता एम.एस्सी. करते. म्हणाली, "बाई, उसाच्या चिपाडातून काढलेलं एकच लिग्निन दोन लॅबमध्ये मोजलं. एकीकडचा आकडा दुसरीकडच्या जवळजवळ दुप्पट आला! सगळे म्हणतात, सॅम्पल तूच बिघडवलंस." मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, हा माझा विषय नाही. पण तिच्याशी बोलून आणि वाचून जे समजलं, ते तुम्हाला सांगते.

आधी लिग्निन म्हणजे काय ते पाहू. झाडाला ताठ उभं ठेवणारा हा पदार्थ. लाकडाच्या वजनात तो साधारण २० ते ३० टक्के असतो. सेल्युलोजची साखळी सरळ, एकाच प्रकारच्या मण्यांची. लिग्निनचं तसं नाही. तीन प्रकारचे घटक कसेही, कुठेही जोडले जातात, फांद्या फुटतात. शिवाय लाकडातून किंवा चिपाडातून बाहेर काढताना त्याचे तुकडे होतात. म्हणून लिग्निनचं 'एक' मोलर वस्तुमान नसतंच. असते ती सरासरी.

आणि सरासरीही दोन तऱ्हेची! समजा १,००० वस्तुमानाचे ९ रेणू आहेत आणि ११,००० चा १. एकूण झाले २०,०००. भागिले १० केलं की २,०००. ही संख्या-सरासरी. पण निम्म्याहून जास्त माल त्या एकट्या मोठ्या रेणूत आहे ना? प्रत्येक रेणूला त्याच्या वजनाइतकं महत्त्व दिलं, तर सरासरी ६,५०० येते. ही वजन-सरासरी. वहीत करून बघा. दुसरीला पहिलीने भागलं की ३.२५, म्हणजे रेणूंमध्ये लहान-मोठेपणा किती आहे त्याचं माप. लिग्निनपासून गोंद किंवा कार्बन तंतू करणाऱ्याला हे आकडे लागतातच, कारण हलके रेणू कमी तापमानालाच मऊ पडतात.

आता मोजायचं कसं? पद्धतीचं नाव साइज एक्सक्लुजन क्रोमॅटोग्राफी. एका नळीत (तिला कॉलम म्हणतात) बारीक सच्छिद्र मणी ठासून भरलेले असतात. लिग्निन द्रावकात विरघळवून त्यातून सोडतात. आपल्याला वाटतं, ही चाळणी आहे, बारीक आधी खाली पडणार. इथेच फसायला होतं! होतं बरोबर उलटं. शाळेची सहल जत्रेत नेली की काय होतं ते आठवा. मोठी माणसं रस्त्याने सरळ चालत फाटकापाशी पोचतात. पोरं प्रत्येक पालात, प्रत्येक फटीत शिरतात आणि सगळ्यात शेवटी येतात. तसे मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, म्हणून आधी बाहेर पडतात. लहान रेणू छिद्राछिद्रात रेंगाळतात. १९५९ मध्ये स्वीडनच्या पोराथ आणि फ्लोदिन यांनी ही युक्ती पाण्यातल्या पदार्थांसाठी मांडली. १९६४ मध्ये अमेरिकेत मूर यांनी पॉलिस्टायरीनचे मणी वापरून ती प्लॅस्टिकसारख्या पदार्थांसाठी आणली.

पण नीट लक्ष द्या. यंत्राने वजन केलंच नाही! त्याने फक्त कोण कधी बाहेर आलं ते नोंदवलं. वेळेवरून वस्तुमान काढायला आधी माहीत वस्तुमानाचे नमुने सोडून तक्ता करावा लागतो. हे नमुने बहुधा पॉलिस्टायरीनचे. पॉलिस्टायरीन म्हणजे सैल सुतळीचा गुंता, लिग्निन म्हणजे घट्ट वळलेला लाडू. वजन सारखं असलं तरी लाडू आकाराने लहान, म्हणून उशिरा बाहेर येतो आणि खऱ्यापेक्षा हलका ठरतो.

एवढ्यावर भागत नाही. लिग्निनचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके करतात. मग पुंजका लवकर बाहेर येतो आणि रेणू भारी वाटतो. त्यासाठी द्रावकात लिथियम ब्रोमाइडसारखं मीठ घालतात. कधी रेणू मण्यांनाच चिकटतो, मग तो उशिरा येऊन उगाच हलका वाटतो. टेट्राहायड्रोफ्यूरान हा द्रावक वापरायचा, तर बऱ्याच लिग्निनचं आधी ॲसिटिलीकरण करावं लागतं, एरवी ते नीट विरघळतच नाही. प्रकाश विखुरण्यावरून थेट वस्तुमान काढायचीही सोय आहे, पण लिग्निन स्वतःच प्रकाश शोषतं आणि चमकतं, म्हणून तिथे अवरक्त लेसर नि फिल्टर लागतात.

मी तिला म्हटलं, "आकडे राहू दे बाजूला. दोघांनी कशात विरघळवलं आणि कशाशी ताडून पाहिलं, ते विचार." चार दिवसांनी तिचा फोन आला. एका लॅबने ॲसिटिलीकरण करून टेट्राहायड्रोफ्यूरानमध्ये पॉलिस्टायरीनशी ताडलं होतं. दुसरीने डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये लिथियम ब्रोमाइड घालून, वेगळ्याच नमुन्यांशी. एकाने वितीने मोजलं, दुसऱ्याने हाताने! सॅम्पल बिघडलं असं यावरून म्हणताच येत नाही. आता ती तेच लिग्निन एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने पुन्हा सोडणार आहे, आणि या वेळी वहीत आकड्याशेजारी द्रावक आणि नमुन्यांचं नावही लिहिणार आहे.