संत कालमिनियस आणि मोझाकची मीनाकामाची पेटी

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य हा विझलेल्या ज्वालामुखींचा प्रदेश आहे. तेथील रिओम शहरालगत मोझाक नावाचे गाव असून त्या गावच्या प्राचीन मठाच्या चर्चमध्ये एक पेटी जतन केलेली आहे. तिची लांबी सुमारे ८० सेंटिमीटर असून आकार उतरत्या छपराच्या लहानशा घरासारखा आहे. लाकडी सांगाड्यावर तांब्याचे मुलामा दिलेले पत्रे आणि त्यांवर निळ्याभोर मीनाकामाची चित्रे, असे तिचे रूप आहे. लिमोझ येथील मीनाकारांनी घडविलेल्या अवशेषपेट्यांत एवढी मोठी दुसरी पेटी आज अस्तित्वात नाही.

ही पेटी संत कालमिनियस व त्यांची पत्नी नामादी यांच्या पवित्र अवशेषांसाठी करण्यात आली. परंपरा असे सांगते की, कालमिनियस हे सातव्या शतकातील एक धनाढ्य सरदार होते. त्यांनी आपली संपत्ती मठांच्या उभारणीस वाहिली आणि ल मोनास्तिए, त्यूल व मोझाक असे तीन मठ स्थापन केले. या पुण्यकर्मात नामादीही बरोबरीने सहभागी होती. पतीच्या पश्चात तिने संन्यस्त जीवन पत्करले.

पेटी मात्र बाराव्या शतकाच्या अखेरीची आहे. म्हणजे संत आणि त्यांची पेटी यांच्यामध्ये सुमारे ५०० वर्षांचे अंतर पडते. एवढ्या काळानंतर त्यांची आठवण लोकांपुढे मांडावयाची, तर ती चित्रांतूनच; कारण त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी. म्हणून पेटीच्या एका अंगावर तिन्ही मठांची बांधकामे आणि या दांपत्याचा अंतकाळ दाखविला आहे. दुसऱ्या अंगावर क्रुसावरील प्रभू येशू, सिंहासनस्थ प्रभू आणि प्रेषित आहेत. ज्याची सेवा केली तो धनी एका बाजूस आणि सेवक दुसऱ्या बाजूस, अशी ही योजना आहे.

आता हे काम कसे करीत, ते पाहू. जाड तांब्याच्या पत्र्यावर प्रथम चित्राची आखणी करीत. मग रंग भरावयाचा तेवढा भाग छिन्नीने कोरून खोलगट करीत आणि मधल्या बारीक रेषा उभ्या ठेवीत. त्या खळग्यांत रंगीत काचेची ओली पूड भरून पत्रा भट्टीत घालीत. काच तांब्याच्या आधी वितळते. यावरच सारी कला आधारलेली आहे. निवल्यावर पुन्हा पूड भरावी, पुन्हा भाजावे, शेवटी घासून पृष्ठभाग समतल करावा आणि उघड्या तांब्यावर सोन्याचा मुलामा चढवावा, असा क्रम असे. निळा रंग कोबाल्टपासून मिळे. कोरीव धातूत काच भरून भाजण्याची हीच रीत जयपूरच्या मीनाकामातही आहे. त्यामुळे आपल्याकडील दागिन्यांच्या पारख्यांस ती परकी वाटणार नाही.

सर्वस्वाचा त्याग करणाऱ्या संताला झगमगती पेटी कशासाठी, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. लिमोझच्या कारागिरांनी त्याचे उत्तर नकळत दिले आहे. त्यांनी भरीव सोने आणि रत्ने न वापरता तांबे व काच वापरली आणि हातांच्या कौशल्याने त्यांना तेज आणले. साहित्य साधे असल्यामुळे गावोगावच्या चर्चना अशा पेट्या घेता येऊ लागल्या. पुढे १२१५ च्या लॅटेरन परिषदेने, जुने अवशेष पेटीबाहेर काढून दाखवू नयेत, असा नियम केला.

फ्रान्समधील १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चची कितीतरी संपत्ती नष्ट झाली. पुढे १९०७ मध्ये लिमोझजवळच्या आंबाझाक गावची अशीच प्रसिद्ध पेटी चोरीस गेली आणि नंतर परत मिळाली. मोझाकची पेटी आपल्या गावीच राहिली, हे विशेष होय.

मठाधिपती पिएर याने द्रव्य वेचून ही पेटी करविली, अशा अर्थाचा लॅटिन लेख तीवर आहे. संस्थापकाचे नाव राहिले, पत्नीचे राहिले, द्रव्य देणाऱ्याचेही राहिले. पण भट्टीपुढे बसून काच वितळविणाऱ्या कारागिराचे नाव कोठेही नाही. ८०० वर्षे न विटलेला निळा रंग हीच त्याची ओळख होय.