वनौषधींतील कीड आणि तिची श्वासरंध्रे

अश्वगंधा, सुंठ वा ज्येष्ठमधास कीड लागली की आपण डब्याचे झाकण घट्ट लावून निश्चिंत होतो. आम्हीही तसेच करीत असू. चाळून दिलेले चूर्ण एका रुग्णाने अळीसह परत आणले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

कीटकास फुप्फुसे नसतात. देहाच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्म श्वासरंध्रे असतात. झुरळात त्यांच्या 10 जोड्या, 2 वक्षावर व 8 उदरावर. तेथून शाखायुक्त श्वासनलिका प्राणवायू थेट ऊतींपर्यंत नेतात. त्यासाठी रक्ताची गरज पडत नाही. बहुतेक कीटकांत ही रंध्रे मिटू शकतात. त्यामुळे देहातील ओलावा टिकतो व प्राणवायूची उणीव काही काळ सोसता येते. अर्ध्या रिकाम्या डब्यातील हवा तर किडीस सहज पुरते.

तुरीस एरंडतेल चोळण्याच्या प्रथेतील एक मर्म हेच, की तेलाने किडीची रंध्रे बुजतात. चूर्णास मात्र हा उपाय चालत नाही. म्हणून द्रव्य पूर्ण वाळवून, लहान हवाबंद डब्यांत काठोकाठ भरावे. कीड लागलेले द्रव्य चाळून न देता टाकूनच द्यावे. सूक्ष्म अंडी चाळणीतून सुटतात. द्रव्याची शुद्धता ही प्रथमतः आपलीच जबाबदारी होय.