सायकलस्वाराचे पाय गार का पडतात?

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख, तर सायकली २ कोटींच्या वर. संशोधनाच्या निमित्ताने आम्ही तिथल्या डेल्फ्ट या गावी दोन हिवाळे काढले, तेव्हा आम्हीही एक जुनी सायकल विकत घेतली. घर ते प्रयोगशाळा अंतर ७ किलोमीटर. तिथला हिवाळा म्हणजे चित्रातला पांढराशुभ्र बर्फ नव्हे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सरासरी तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस, आकाश करडे, आणि वरचेवर भुरभुर पाऊस.

तिथल्या बऱ्याच साध्या सायकलींना पायाचा ब्रेक असतो. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. डिसेंबरातल्या एका सकाळी कालव्यावरच्या पुलाचा उतार उतरताना आम्ही ब्रेक दाबायला गेलो, पण बोटे इतकी बधिर झाली होती की पाऊल पायडलवर आहे की नाही हेच कळेना. पाऊल घसरले आणि आम्ही कठड्यावर आदळलो. कोपर खरचटण्यावर निभावले. त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन हिवाळी सायकलिंगचे जलरोधक बूट घेतले. किंमत महिन्याच्या किराणा खर्चाच्या घरात जाणारी. नेमके आपल्या मापाचे, घोट्याच्या खाली संपणारे, छान चापूनचोपून बसणारे. दुसऱ्या दिवशी आत जाड मोज्यांचे दोन जोड चढवून निघालो, आणि पाय आदल्या दिवसापेक्षाही गार पडले!

पैसे वाया गेल्याचे दुःख होतेच, पण भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाने अशी खरेदी करावी याची लाज अधिक वाटली. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बूट उष्णता निर्माण करत नाही, ही पहिली गोष्ट. पावलाला उष्णता मिळते ती मुख्यतः रक्तातून. चालताना पाऊल वाकते, टाच उचलते, पावलातले लहान स्नायू काम करतात. सायकल चालवताना मात्र काम करतात ते मांडीचे आणि पोटरीचे स्नायू. पाऊल जवळजवळ न वाकता पायडलवर टेकलेले असते आणि चवड्यावर सतत दाब असतो. शिवाय शरीराला थंडी जाणवू लागली की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदय, मेंदू यांची ऊब टिकवण्यासाठी शरीर टोकांकडचा पुरवठा आखडता घेते. त्यामुळे डोके आणि पोटऱ्या नीट झाकल्या तर पायही कमी गार पडतात. आमच्या घरमालकीणबाई हे कोणत्याही सूत्राशिवाय जाणत होत्या. पाय गार पडल्याची तक्रार केली की त्या आधी आमच्या उघड्या डोक्याकडे पाहत.

त्यात वारा. हवा स्थिर असली तरी सायकलस्वार स्वतःच वारा निर्माण करतो. २००१ पासून कॅनडा व अमेरिकेत वापरात असलेल्या सूत्रानुसार, हवा शून्य अंशाची असताना ताशी ५ किलोमीटर वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला ती उणे २ अंशांसारखी वाटते, तर ताशी २० किलोमीटर वाऱ्यात उणे ५ अंशांसारखी. सूत्र चेहऱ्यासाठी आहे, पायासाठी नाही. पण जाळीदार कापडाच्या बुटाची गत काय होईल याची कल्पना त्यावरून येते.

आता मोज्यांकडे वळू. मोजा ऊब देतो तो धाग्यांमुळे नव्हे, तर धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटरला, अंशाला सुमारे ०.०२५ वॅट आहे; पाण्याची ०.६ वॅट. म्हणजे पाणी हवेच्या २४ पट वाहक. आमची पहिली चूक इथेच होती. नेमक्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबल्यावर मोजे दबले, हवा निघून गेली, आणि पावलावरचा दाब वाढल्याने रक्तही नीट पोहोचेना. एक मोजा आणि बोटे हलवायला जागा, हे दोन मोजे आणि घट्ट बूट यांपेक्षा उबदार असते. म्हणून हिवाळी बूट नेहमीच्या मापापेक्षा निदान एक क्रमांक मोठा घ्यावा, आणि दुकानात जाताना जो मोजा घालणार तोच सोबत न्यावा.

दुसरी चूक अधिक मजेशीर. पाणी बुटाच्या कापडातून आत येत नव्हतेच. ते येत होते वरून! पावसाचे पाणी पोटरीवरून ओघळत घोट्यापाशी येई आणि बुटात उतरे. बूट जलरोधक असल्यामुळे आत आलेले पाणी बाहेरही पडत नसे, आणि आम्ही पाण्याने भरलेली दोन भांडी पायात घालून फिरत होतो. यावरचा उपाय कोकणातल्या प्रत्येक कौलारू घराला ठाऊक आहे. वरचे कौल खालच्या कौलावर यावे, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. विजारीची कड बुटाच्या बाहेरून खाली यायला हवी आणि बूट घोट्याच्या वर जायला हवा. पुढच्या चाकाचे मडगार्ड जमिनीपाशी पोहोचेल इतके लांब असले की बुटावर उडणारे निम्मे पाणी तिथेच अडते. रबराचा एक तुकडा मडगार्डला खाली जोडला, तर महागड्या बुटाचे बरेच काम तो करतो.

बाहेरचे पाणी अडवले तरी आतले उरतेच. पाऊल घामट अवयव आहे. १० ग्रॅम घामाचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २४ किलोज्यूल उष्णता लागते. हे तासाभरात घडले तर पावलामधून जवळजवळ ७ वॅट सतत काढून घेतल्यासारखे होते. संपूर्ण शरीर विश्रांतीत सुमारे १०० वॅट निर्माण करते, हे लक्षात घेता एका पावलाला ७ वॅट परवडणारे नाहीत. सुती मोजा घाम शोषून चिकटतो आणि त्यातली हवा जाते. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प सामावून घेतो आणि तरीही ओला लागत नाही, म्हणून तो बरा.

घाम बाहेर जावा पण पाऊस आत येऊ नये, यासाठी चांगल्या बुटात सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला अचानक ताण दिला आणि ती सच्छिद्र होऊन लांबली. त्यातून असे पडदे बनले. छिद्रे मायक्रोमीटरहून लहान असतात. टेफ्लॉनला पाणी चिकटत नाही, म्हणून पृष्ठताणामुळे थेंब छिद्रात शिरू शकत नाही. सुटे रेणू मात्र पार होतात. (टेफ्लॉनच्या कुळातली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात सहजी विघटित होत नाहीत, म्हणून २०२२ पासून पॉलिएथिलीनचे पडदेही वापरात आले आहेत.)

हे रेणू बाहेर जातात ते बाष्पदाबाच्या फरकामुळे. ३० अंशांच्या दमट पावलापाशी बाष्पदाब ४.२ किलोपास्कल असतो, तर डेल्फ्टच्या ३ अंशांच्या हवेत तो ०.८ हून कमी. फरक साडेतीनच्या आसपास. तोच बूट जुलैत मुंबईत घातला तर? २७ अंशांच्या गच्च दमट हवेत बाहेरचा दाब ३.४ किलोपास्कल, म्हणजे फरक पावणाही राहतो की नाही अशी स्थिती. घाम आतच साचणार. पावसाळ्यात आपण प्लास्टिकच्या चपला घालतो, त्यात काटकसर आहेच, पण भौतिकशास्त्रही आहे. थंड देशातही हा पडदा सर्वगुणसंपन्न नाही. बुटाचे बाहेरचे कापड भिजून चिंब झाले की बाष्पाची वाट अडते आणि ते आतच द्रवरूप होते.

थंडी जितकी जास्त तितका जलरोधक बूट अधिक गरजेचा, असे वाटते. पण ते तसे नाही. फिनलंडमधल्या औलू या गावी, जिथे २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, लोक उणे १५ अंशांतही सायकलने कामावर जातात. तिथे पाणी बर्फाच्या रूपात असते. ते झटकले की पडते, मोज्यात मुरत नाही. तिथे जाड, सैल, उबदार बूट पुरतो. पायाचा खरा शत्रू शून्याच्या थोडे वरचे ओले हवामान. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत, जिथे हिंदी पलटणीही लढत होत्या, सैनिकांचे पाय न गोठताही सुजून निकामी झाले, ते दिवसेंदिवस गार चिखलपाण्यात राहिल्याने. अर्ध्या तासाच्या सायकलफेरीत एवढे काही होत नाही. तरी बधिर पाय घरी आल्यावर शेगडीला लावू नयेत, कारण बधिर त्वचेला चटका समजत नाही. मोजे काढून, पुसून, पाय हळूहळू गरम होऊ द्यावेत.

शर्यतीच्या प्रकारचे बूट पायडलमध्ये अडकवण्यासाठी त्यांच्या तळाला धातूची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. उष्णता तिथून सहज निसटते आणि स्क्रूच्या भोकांतून पाणीही शिरते. आत नमद्याचा सुटा तळ घातला तर फरक पडतो. मात्र तो घातल्यावर बूट पुन्हा घट्ट होणार नाही, हे आधीच पाहावे. आम्ही तर साधे सपाट पायडल आणि घोट्यावर चढणारे, एक क्रमांक मोठे बूट यांवर दुसरा हिवाळा काढला. पहिले बूट एका लहान पायाच्या सहकाऱ्याला दिले. तो त्यांच्यावर खूश होता.

वर्गात यातले बरेच काही दाखवता येते. सारख्या आकाराच्या चार काचेच्या बाटल्यांत ६० अंशांचे पाणी भरून प्रत्येकीत तापमापी बुचातून घट्ट बसवावी. पहिलीवर कोरडा लोकरीचा मोजा सैल चढवावा. दुसरीवर तसाच मोजा भिजवून, पिळून घालावा. तिसरीवर कोरडा मोजा घालून तो सुतळीने करकचून आवळावा. चौथीवर पिळलेला ओला मोजा आणि त्यावर तोंड बांधलेली प्लास्टिकची पिशवी. टेबलफॅन समोर लावून दर ५ मिनिटांनी अर्धा तास तापमान नोंदवावे आणि चारही आलेख एकाच कागदावर काढावेत. पिशवीमुळे बाष्पीभवन थांबते आणि मोजा ओलाच राहतो. त्यामुळे चौथा आलेख पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठे पडतो, यावरून ओल्या मोज्याने पळवलेल्या उष्णतेत वहनाचा वाटा किती आणि बाष्पीभवनाचा किती, याचा अंदाज मुलांना स्वतःच बांधता येईल.