पाय न टेकवता

डोंगरउतारावर माउंटन बाइक पळवणाऱ्याला वेगाचा आधार असतो. ट्रायल्स या सायकलच्या खेळात तोच काढून घेतला जातो. खडक, ओंडके, कठडे ओलांडायचे, पण पाय टेकवायचा नाही. जुन्या नियमांत प्रत्येक टेकलेल्या पायाला एक दंडगुण. पाच झाले की तो टप्पा हातचा गेला.

या खेळाची मुळं स्पेनमधल्या कॅटलोनियात आहेत. मोटरसायकल ट्रायल्समध्ये नाव कमावलेल्या पेरे पी यांनी १९७०च्या दशकात तो सायकलवर आणला आणि त्यांचा मुलगा ओत पुढे जगज्जेता झाला. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या डॅनी मॅकास्किलने एडिनबराच्या रस्त्यांवर केलेल्या ट्रायल्सच्या करामतींची चित्रफीत जगभर गाजली. तेव्हा तो सायकलच्या दुकानात काम करत होता.

स्पर्धेच्या सायकलला सीटच नसते, पण सुरुवातीलाच तशी सायकल विकत घेण्याची घाई नको. आहे त्या सायकलची सीट पूर्ण खाली करावी, सपाट पेडल लावावेत आणि ब्रेक एका बोटाने चाक जागच्या जागी रोखतील असे जुळवून घ्यावेत. हेल्मेट आणि नडगीचं कवच हवंच.

पहिला धडा जागेवर उभं राहण्याचा. किंचित चढावर पेडल आडवे ठेवून सवयीचा पाय पुढे घ्यावा आणि पुढचं चाक त्याच बाजूला थोडं वळवावं. पेडलवर हलका दाब दिला की सायकल पुढे सरकते, सोडला की मागे येते. हे जमेपर्यंत उड्या मारण्यात अर्थ नाही. त्यानंतर दोन्ही ब्रेक दाबून जागेवर उसळणं, मग मागच्या चाकावर तोल, मग फुटपाथची कड.