दरोडेखोर आपल्याला का आवडतो?

मैत्रिणींनो, 'शोले'तले जय आणि वीरू चोरच. तुरुंगात जाऊन आलेले. तरी जय मरतो तेव्हा आपण पदराने डोळे पुसतोच. 1975 सालच्या या सिनेमावर अमेरिकेतल्या घोडे-बंदुकांच्या सिनेमांची छाप आहे. तिकडे त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात. 1903 मध्ये रेल्वेच्या दरोड्यावर जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट निघाला होता. इतकी वर्षे झाली, तरी पडद्यावरचे हे लुटारू लोकांना हवेसे वाटतात. का, ते कळायला आज एकच सिनेमा घेऊ.

तो म्हणजे 1939 सालचा 'जेसी जेम्स'. हा माणूस खरा होता, मिसुरी राज्यातला, बँका आणि आगगाड्या लुटणारा. सिनेमात दाखवलंय असं: रेल्वेचा माणूस घरोघर फिरून शेतकऱ्यांना दमदाटी करतो, कवडीमोलाने जमिनी लिहून घेतो. जेसीची आई सही करत नाही. मारामारी होते, पोरं पळून जातात. मग तिच्या घरात बॉम्ब टाकतात. आई मरते आणि जेसी सूड घ्यायला निघतो.

हे बघायला थिएटरात कोण बसलं होतं? त्या दहा वर्षांत मंदी आणि दुष्काळाने तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी गेल्या होत्या. त्यांना बँक लुटणारा वाईट कसा वाटेल? न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा द्यायची वेळ आली की पोटात कसं कालवतं, ते आपल्यालाही ठाऊक आहे. दाद मागायला दारच नसलं, की घोड्यावरून येणारा माणूस आपला वाटतो.

खरी हकिकत मात्र वेगळी. जेसीच्या घरी गुलाम राबत. सोळा वर्षांचा असताना तो गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या टोळीत गेला. पुढे त्याच्या टोळीने बँकेतल्या पगारी माणसांनाही ठार केलं. गरिबांना पैसे वाटल्याचा पुरावा नाही. त्याला वीर बनवलं ते एका वर्तमानपत्राच्या संपादकाने.

आणि त्याची आई? तिचं नाव झेरेल्डा. 1875 च्या जानेवारीत खासगी गुप्तहेरांनी तिच्या घरात पेटता गोळा टाकला, हे खरं. त्यात तिचा आठ वर्षांचा मुलगा गेला, तिचा एक हात गेला. ती मात्र वाचली. सिनेमावाल्यांनी तिला मारली, कारण आई मेली की पोराचे सगळे गुन्हे माफ होतात. आम्हाला विचाराल तर सिनेमा तिच्यावरच निघायला हवा होता.

1882 मध्ये जेसी घरात भिंतीवरची तसबीर नीट करत असताना त्याच्याच साथीदाराने मागून गोळी घातली. आईने त्याला आपल्या अंगणात पुरलं. बघायला लोक येऊ लागले, तशी ती पैसे घेऊन घर दाखवायची, थडग्यावरचे खडे विकायची. खडे संपले की ओढ्यातून नवे आणून टाकायची, असं सांगतात. 1911 पर्यंत ती जगली.