मेंदूतलं प्रोटीन शुक्राणू घडवायला कशी मदत करतं? समजून घ्या सेलेनियमचं गणित

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. काही दिवसांत लोकांना टक्कल पडत होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यात स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट सेलेनियम असल्याचं त्यांनी सांगितलं.

गंमत म्हणजे हेच सेलेनियम 'स्पर्म काउंट वाढवा' म्हणून ऑनलाइन विकलं जातं. मग खरं काय?

शुक्राणूला सेलेनियम कशाला लागतं?

शुक्राणूच्या शेपटीच्या सुरुवातीच्या भागात ऊर्जा तयार होते. तिथलं आवरण मजबूत ठेवणारं एक प्रोटीन आहे, जीपीएक्स-४. ते सेलेनियमशिवाय बनत नाही. ते कमी पडलं की शेपटी वाकते, तुटते आणि शुक्राणू नीट पोहू शकत नाही.

मेंदूचं प्रोटीन इथे कसं?

त्याचं नाव अपो-ई-आर-२. मेंदूची वाढ होताना पेशी आपापल्या जागी बसाव्यात, यासाठी ते काम करतं. पण ते वृषणातही असतं. यकृत सेलेनियमचं पार्सल बांधतं, रक्त ते पोहोचवतं आणि अपो-ई-आर-२ दार उघडून ते आत घेतं. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दिसलं. ज्या उंदरांत हे प्रोटीन नव्हतं, त्यांच्या वृषणातलं सेलेनियम घटलं आणि शुक्राणू सदोष निघाले. मेंदूलाही सेलेनियम याच दारातून मिळतं.

मग गोळ्या सुरू करायच्या का?

थांबा! भारतात मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरेसं मानतात. अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. गरज भागल्यावर आणखी घेतलं म्हणून शुक्राणू 'सुपर' होत नाहीत.

ऑर्डर करण्याआधी लेबल वाचा. मल्टिव्हिटॅमिन आणि केसांच्या गमीजमध्येही सेलेनियम असू शकतं, त्यामुळे सगळ्यांची बेरीज करा. शंका असेल तर आधी वीर्य तपासणी करून डॉक्टरांना भेटा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून 'सात दिवसांत रिझल्ट' म्हणणारी जाहिरात सरळ स्क्रोल करा.

आणि हो, शेगावच्या तक्रारी केस आणि नखांच्या होत्या. त्यावरून तिथल्या पोरांच्या बाप होण्याबद्दलचे मेसेज फॉरवर्ड करू नका.