खत कारखान्यांतील अपघाती रसायनगळती : प्रतिबंध आणि प्रतिसाद

प्रस्तावना :
हरितक्रांतीनंतर भारतीय शेतीत रासायनिक खतांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले. युरियासह बहुतेक नत्रयुक्त खतांचा पाया अमोनिया हा आहे. मुंबईतील ट्रॉम्बे किंवा अलिबागजवळील थळ येथील प्रकल्प पाहता खतनिर्मिती आणि लोकवस्ती यांचे सान्निध्य लक्षात येते. सुरक्षेची यंत्रणा कारखान्याच्या आत असते. गळती मात्र कुंपण जाणत नाही. म्हणूनच धोक्याची माहिती कुंपणाबाहेर वेळेपूर्वी पोहोचणे हा प्रतिबंध आणि प्रतिसाद यांना जोडणारा दुवा ठरतो. प्रस्तुत लेखात याच दुव्याचा विचार केला आहे.

धोक्याचे स्वरूप :
अमोनियाचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ३३ अंश सेल्सिअस आहे. मोठ्या टाक्यांत तो थंड करून द्रवरूपात साठवतात. एक लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू निर्माण होतो. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका आहे. परंतु गळतीच्या वेळी अतिथंड वाफ आणि सूक्ष्म थेंब यांचा जड ढग तयार होऊन तो जमिनीलगत पसरू शकतो. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया असल्यास ते प्रमाण जीविताला तत्काळ धोकादायक मानले जाते. डोळे, घसा व फुप्फुसे यांतील ओलाव्यात तो विरघळतो आणि तेथील पेशी भाजून काढतो.

अमोनियम नायट्रेटची प्रकृती निराळी आहे. हा घन पदार्थ एरवी स्थिर असतो; मात्र आगीत सापडल्यास, विशेषतः त्यात ज्वलनशील अशुद्धी मिसळल्यास, त्याचा प्रचंड स्फोट होऊ शकतो.

प्रतिबंधाचे उपाय :
प्रतिबंधाचा प्रारंभ आराखड्यापासून होतो. दुहेरी भिंतीची टाकी, सुरक्षा झडपा, दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह आणि वायुशोधक यंत्रे ही त्याची प्रमुख अंगे होत. द्रव अमोनियात सुमारे ०.२ टक्के पाणी राखल्यास पोलादी टाकीला ताण व क्षरण यांमुळे तडे जाण्याची शक्यता घटते. दुरुस्तीपूर्वी लेखी परवाना घेणे, तसेच यंत्रणेतील प्रत्येक संभाव्य बिघाडाचा आधीच अभ्यास करणे हेही तितकेच आवश्यक आहे. अमोनियम नायट्रेट लाकूड, इंधन व उष्णता यांपासून दूर, न जळणाऱ्या बांधकामात ठेवावे लागते.

प्रतिसादाची तत्त्वे :
गळती होताच भोंगा वाजवून वाऱ्याची दिशा पाहणे आणि वाऱ्याला आडव्या दिशेने दूर जाणे इष्ट असते. बाहेर पडणे शक्य नसल्यास दारे-खिडक्या बंद करून आत थांबावे व नाकातोंडावर ओले कापड धरावे. अमोनिया पाण्यात सहज विरघळत असल्याने फवाऱ्याच्या पडद्याने ढग आटोक्यात आणता येतो. परंतु साचलेल्या द्रवावर थेट पाणी मारल्यास त्याला उष्णता मिळून तो अधिक वेगाने उकळतो. डोळ्यांत अमोनिया गेल्यास ते किमान १५ मिनिटे पाण्याने धुवावेत.

वेस्टची दुर्घटना :
अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेस्ट या छोट्या गावी खतांची साठवण व विक्री करणारे एक केंद्र होते. १७ एप्रिल २०१३ रोजी सायंकाळी तेथे आग लागली आणि सुमारे २० मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण मृत्युमुखी पडले व २६० हून अधिक जखमी झाले. मृतांपैकी १२ जण आग विझवण्यासाठी व मदतीसाठी धावलेले होते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१६ मध्ये अंतिम अहवाल मंजूर केला. खत लाकडी कप्प्यांत साठवलेले होते आणि अग्निशामकांना स्फोटाच्या शक्यतेची पुरेशी कल्पना नव्हती, हे चौकशीतून स्पष्ट झाले. केंद्राने शासनाला सादर केलेली जोखीम योजना केवळ अमोनियाच्या गळतीविषयी होती, कारण संबंधित नियमांच्या यादीत अमोनियम नायट्रेटचा समावेशच नव्हता. अमोनियाच्या टाक्या शाबूत राहिल्या. योजनेत नसलेल्या पदार्थाने बळी घेतले.

भारतीय कायद्याची चौकट :
भोपाळनंतर सुमारे एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घातक उद्योगांसाठी पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून कामगारांना व परिसरातील जनतेला धोक्याची माहिती देणे बंधनकारक करण्यात आले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतील आपत्कालीन योजनेची जबाबदारी व्यवस्थापनावर, तर बाहेरील योजनेची जिल्हा प्राधिकरणावर सोपवली. आतील योजनेची सहा महिन्यांतून एकदा व बाहेरील योजनेची वर्षातून एकदा रंगीत तालीम त्यांत अपेक्षित आहे. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गटांची रचना केली. स्थानिक गटात डॉक्टर, समाजसेवक व गावपुढारी यांनाही स्थान आहे. २०१२ मध्ये अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम आले.

समारोप :
वेस्टमध्ये मदतीला धावलेल्यांकडे धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती माहितीची. भारतीय नियमांत ही माहिती देण्याची तरतूद आहे, परंतु तिचे सार्थक कागदावरील योजनेने होत नाही. कोणते रसायन किती साठवले आहे, भोंग्याचा अर्थ काय आणि कोणत्या दिशेने जावयाचे, हे अग्निशमन दल, रुग्णालय, शाळा व घराघरांत ठाऊक असले पाहिजे. कारखान्यालगतच्या महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून या कामी मोलाचा हातभार लावता येईल. योजनेतील प्रत्येक पदार्थाची यादी वेळोवेळी तपासणे आणि ती शेजाऱ्यांपर्यंत पोहोचवणे हा सुरक्षा यंत्रणेचाच भाग मानला गेला पाहिजे.